चांद्याहून आलापल्लीला, बेसबॉलची फायनल खेळायला

आलापल्लीला जायचं ठरलं ते रफिकच्या दुकानाच्या पायरीवर. रफिक म्हणजे आमच्या बेसबॉल संघाचा कप्तान. हो, बेसबॉलच. चष्मा पुसून पुन्हा वाचलंत तरी तेच दिसेल. पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदा म्हणत आणि गडचिरोली आमच्याच जिल्ह्यात होती. त्या वेळी आमच्याकडे बेसबॉलची लीग होती. एक हंगाम चालली, तोही पुरता नाही.

झालं असं, की विहिरी खणायचं यंत्र घेऊन एक अमेरिकन माणूस जिल्ह्यात आला. त्याचं नाव कुणाच्याच जिभेला वळेना, म्हणून तो बोरिंगसाहेब झाला. दिवसभर तो भोकं पाडायचा आणि संध्याकाळी गावातली पोरं गोळा करून चेंडू-दांडू खेळायचा. त्याचं यंत्र चांदा, मूल, बल्लारशा आणि आलापल्लीला थांबलं, म्हणून लीगमध्ये चार संघ. साहेब नियम इंग्रजीतून सांगायचा आणि त्याचा दुभाष्या मराठीतून. दुभाष्या दिवसभराच्या उन्हानं पेंगुळलेला असायचा, त्यामुळे प्रत्येक गावाला नियम वेगळे मिळाले. साहेब पुढच्या जिल्ह्यात निघून गेला आणि मग भांडणं सुरू झाली. मूलचा संघ रुसून बाहेर पडला. बल्लारशाच्या पोरांना फुटबॉल मिळाला, तेही गेले. उरलो आम्ही आणि आलापल्लीवाले. दुसरं कुणी शिल्लक नसल्यामुळे आमचा पुढचा सामना आपोआपच फायनल ठरला.

रफिकसाठी मात्र ती खरोखरच शेवटची होती. त्याचे वडील सुलेमानचाचा बैलांचे चामडी पट्टे, घोड्याचं खोगीर असलं काम करत. साहेबाचे चेंडू फाटल्यावर रफिकनं दुकानातल्या उरल्यासुरल्या चामड्याचे हातमोजे शिवले, चेंडू शिवले. चाचांना त्याचा भयंकर राग. त्या दिवशी माझ्यादेखतच ते म्हणाले, "ये मॅच खेल ले. उसके बाद सीधा नागपूर, मामूच्या कापडाच्या दुकानात. गज घेऊन कापड मोजत बस. गोट्याले कातडं चढवाले मी तुले शिकवलं नाई."

रफिक पायरीवर येऊन मला एवढंच म्हणाला, "जाऊन येऊ ना बे. निदान हे तरी पुरं करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लाकूड आणायला निघालेल्या एका रिकाम्या ट्रकमध्ये चढलो. भाडं पडलं नाही. आम्ही आठच होतो आणि ड्रायव्हरला खेळायची हौस होती. नववा तो झाला, हिशोब मिटला. पंच म्हणून देशकर गुरुजी आमच्याबरोबर होते. पंचानं कुठल्याही संघात मिसळू नये, म्हणून ते आमच्यात न बसता पुढे केबिनमध्ये बसले. कोठारीजवळ त्यांना कळलं, की ड्रायव्हरही चांद्याच्या संघात आहे. त्यांनी ट्रक थांबवायला लावला, मागे आले आणि उरलेला प्रवास आमच्याकडे पाठ करून एका टायरवर बसून केला.

रस्ता बल्लारशा, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी असा. सगळी गिट्टी आणि धूळ. पळस फुलला होता, पण आमच्या डोळ्यांत इतकी धूळ गेली होती की सगळंच तांबडं दिसत होतं. गोंडपिपरीला चहा आणि आलूबोंडे खाल्ले. आष्टीला वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. दोन नावा एकमेकींना बांधून, वर फळ्या टाकून त्यावर ट्रक चढवायचे. ट्रक चढताना गुरुजी उतरले आणि काठावरून म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मी दुसऱ्या नावेनं येतो." दुसरी नाव कोंबड्यांची होती. ते तिच्यातून आले. (आता आष्टीला पक्का पूल आहे. चंद्रपूरहून अहेरीची एसटी धरा, खिडकीची जागा घ्या आणि नदी आली की बाहेर बघा.)

मुक्काम आलापल्लीच्या शाळेत होता. सामना दुसऱ्या दिवशी सकाळी, लाकूड डेपोच्या शेजारच्या मोकळ्या जागेत. आम्ही चांद्याला बेसच्या, म्हणजे पळणाऱ्यानं पाय टेकायच्या थांब्यांच्या, जागी पोती अंथरायचो. यांनी सागाच्या बुंध्याच्या गोल चकत्या ठेवल्या होत्या, जेवायला पाटावर बसावं तशा. त्यांचा कप्तान लच्चू मडावी. डेपोत ओंडके लोटायचं काम करायचा. खांदे असे, की आमच्या ड्रायव्हरनं त्याला बघून हळूच विचारलं, "ह्याच्यासमोर मीच उभा राहू काय?"

सुरुवातीलाच नियमांवरून अडलं, आणि ते माझ्यामुळे. मी पहिल्या बेसवर होतो. फेकणाऱ्याचं लक्ष नाही असं बघून मी दुसऱ्या बेसकडे पळालो. याला बेस चोरणं म्हणतात आणि आमच्याकडे ते चालायचं. चकतीवर पाय ठेवला, तर लच्चूनं माझं मनगट धरलं.

"काऊन गा भाऊ? कोनी मारलं नाई, कोनी बोलावलं नाई, तू इथी कसा आला?"

"बेस चोरला," मी म्हणालो.

गर्दीत मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "पाव्हना होऊन आला अन् चोरून राह्यला?" सगळं गाव हसायला लागलं. गुरुजींना साहेबाचा नियम ठाऊक होता, पण दुभाष्यानं आलापल्लीला चोरीचा विषयच काढला नव्हता. बराच वेळ विचार करून त्यांनी निकाल दिला, की बेस चोरता येईल, पण आधी सांगावं लागेल. त्यानंतर सबंध सामन्यात आमचे खेळाडू "चोरतो बरं काय!" असं ओरडून पळत होते आणि सगळे बाद होत होते.

तरीही आम्ही थोडे पुढे होतो. शेवटचा डाव आलापल्लीचा. त्यांचे दोन गडी बाद झालेले, तिसरा बाद की सामना संपला, आणि लच्चू दांडू घेऊन उभा. चेंडू रफिकनं टाकला. लच्चूनं तो असा हाणला, की आवाज ऐकून डेपोतले बैल उठून उभे राहिले. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला, कुंपणावरून गेला आणि ओंडके भरून नुकत्याच सुटलेल्या एका ट्रकमध्ये पडला. ट्रक आष्टीच्या दिशेनं निघून गेला.

"चेंडू खेळात आहे!" गुरुजी ओरडले. "चेंडू परत येईतो पळायचं!"

हा आलापल्लीचा नियम होता, आणि यजमानांच्या गावात यजमानांचा नियम लागायचा. लच्चू सगळे बेस फिरून घरी, म्हणजे दांडू मारला त्या जागी, पोचला, एक धाव झाली, आणि तो न थांबता पुन्हा पहिल्या बेसकडे निघाला. दुसरा चेंडूही नव्हता. साहेबाचे कधीच संपले होते आणि रफिकनं शिवलेल्यांपैकी तेवढाच धड उरला होता.

"गाडी काढ!" रफिकनं ड्रायव्हरला हाक मारली. तो, मी आणि ड्रायव्हर मैदान सोडून ट्रकमध्ये चढलो.

लाकडाचा ट्रक आम्हाला जंगल खात्याच्या नाक्यावर सापडला. फाटक पडलेलं होतं आणि नाकेदार ओंडके तपासत होता. रफिक वर चढला, ओंडक्यांच्या फटीत हात घालून चेंडू काढला आणि उडी मारून खाली आला. नाकेदारानं हात पुढे केला.

"पास?"

"कशाचा पास जी? हा चेंडू हाय."

"नाक्यावरच्या गाडीतून काढला ना? मंग पास लागते. आतमंदी काय हाय?"

मी रफिकला डोळ्यानं खुणावत होतो. चिंध्या सांग, सुतळी सांग, काहीही सांग. पण त्यानं तो चेंडू स्वतः बनवला होता आणि त्याबद्दल त्याला खोटं बोलवेना. "मधात सागाची गाठ हाय," तो म्हणाला. "वरतून सुतळी, मंग चामडं."

"सागवान!" नाकेदाराचा चेहरा उजळला. "बिनापासचं सागवान!"

आम्ही विनवण्या केल्या. तिकडे एक माणूस गोल गोल पळतोय, हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "काऊन पळून राह्यला?" त्याला बेसबॉल समजावण्यात बराच वेळ गेला. त्याला खेळ आवडला, पण नियम म्हणजे नियम. पास नाही तर शिक्का हवा. तपासलेल्या ओंडक्यावर खात्याचा शिक्का उमटवायचा एक जड हातोडा असतो. तो त्यानं आणला, चेंडू दगडावर ठेवला आणि म्हणाला, "धरा."

रफिकनं तोंड फिरवलं. चेंडू मी धरला. हातोडा बसला तेव्हा माझे डोळे मिटलेलेच होते. उघडून बघतो तर चेंडू एका बाजूनं जरा चपटा झालेला आणि चामड्यात शिक्का स्वच्छ उमटलेला. नाकेदारानं फाटक वर केलं. "आता कुठी बी घेऊन जा."

परत आलो तेव्हा लच्चू चालत होता. पळणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. तिसऱ्या बेसवर त्याच्या बायकोनं पाण्याचा गडवा धरला होता, पहिल्यावर कुणी भाजलेल्या शेंगा ठेवल्या होत्या. गर्दी अजून मोजत होती, काही मराठीत, काही गोंडीत, आणि दोन्ही आकडे जुळत नव्हते. रफिक पळत गेला आणि त्यानं चेंडू लच्चूच्या पाठीला लावून त्याला बाद केलं.

लच्चूनं वळून त्याला मिठीच मारली. "बरं झालं आला गा भाऊ. माये पाय मोडले."

धावा किती झाल्या, हे कुणालाच सांगता येईना. गुरुजींनी दोन्हीकडच्या लोकांना विचारलं, स्वतः बोटं मोजली आणि जाहीर केलं, "निकाल राखून ठेवला आहे." तो अजून राखलेलाच आहे. मग डेपोच्या सावलीत दोन्ही संघ जेवायला बसले. भात, लाखोरीची डाळ आणि नदीचे मासे. गुरुजी तेवढे वेगळे बसले, पण मासे त्यांनी आमच्या पानातले घेतले. (आलापल्लीला गेलात तर राखून ठेवलेलं जुनं सागाचं रान बघितल्याशिवाय परतू नका. जेवण आधी सांगून ठेवा, पाणी बरोबर घ्या.)

दुसऱ्या दिवशी चांद्याला पोचल्यावर मी रफिकबरोबर त्याच्या दुकानात गेलो. एकट्यानं जायची त्याची हिंमत नव्हती. चाचांनी हातातला पट्टा खाली ठेवला नाही. "जिंकले?"

"माहीत नाई," रफिक म्हणाला.

मग सगळं मी सांगितलं. चोरीपर्यंत चाचा गंभीर होते. नाकेदार आला तेव्हा त्यांच्या मिश्या हलायला लागल्या. हातोडा आला तसा त्यांनी पट्टा टाकून दिला आणि डोळे पुसायला लागले. "दाखव तो ठप्पा."

चेंडू हातात घेऊन ते उंबऱ्याजवळ उजेडात गेले. आधी शिक्का बघितला, हसले. मग चेंडू फिरवून शिवण बघायला लागले. हसू थांबलं. अंगठ्याच्या नखानं त्यांनी एकेक टाका दाबून पाहिला, पूर्ण गोल. मी रफिककडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता.

"ओंडक्यावरचा हातोडा बसला," चाचा म्हणाले, "अन् एक टाका नाई सुटला." चेंडू रफिकपुढे धरून म्हणाले, "ये टाका किसने सिखाया?"

"आपनेच. बैलाच्या पट्ट्याचा हाय."

चाचांनी चेंडू मला दिला आणि आपल्या जागेवर परत बसले. पण या वेळी एका बाजूला सरकून. "बस इथी," ते रफिकला म्हणाले. "नागपूरले कापड मोजाले कोनी बी भेटते."

लीग तिथंच संपली. कुणी बंद केली नाही. मोहफुलं पडायला लागली, आलापल्लीची पोरं ती वेचायला रानात गेली, आणि इकडे रफिकला चेंडू शिवायला वेळच उरला नाही. बाजाराच्या दिवशी त्याच्याकडे पट्ट्यांसाठी गर्दी असायची. मी कधी म्हटलं, "एखादा चेंडू शिव ना बे," तर सुई दातात धरून तो मान हलवायचा.

आता मला एसटी फुकट आहे, म्हणून मी वर्षातून एकदा आलापल्लीला जाऊन येतो. लच्चूचा मुलगा दर वेळी विचारतो, "तुमच्याकडं काय सांगतेत, कोन जिंकलं?" मी म्हणतो, "आमी." तो म्हणतो, "इथी तं आमी." मग आम्ही जेवायला बसतो.