निकालापर्यंत पाय ठेवू नका

आमच्या ऑफिसात आता कॉफीचं मशीन आहे. पूर्वी पक्षकार बाहेरच्या बाकावर ताटकळायचे, आता आतल्या सोफ्यावर ताटकळतात.

गेल्या वर्षी आमच्या सरांनी मनावर घेतलं की जुन्या पद्धतीची वकिली पुरे झाली. मग पुण्याहून एक सूटबूटवाला सल्लागार आला. मिरजोळ्याच्या एका हॉटेलात आम्हा ज्युनिअर वकिलांना त्यानं दिवसभर 'क्लायंटला व्हॅल्यू' या विषयाचे धडे दिले. त्याचं फलित म्हणजे फायलींना निळी कव्हरं चढली आणि पक्षकारांच्या मोबाईलवर 'प्रिय ग्राहक, आपली पुढील तारीख' असा मेसेज आपोआप जायला लागला. तारखा मात्र होत्या तशाच पडत राहिल्या. तेव्हा मला नुसतं हसू यायचं. किळस आली ती नंतर, एका वाटेच्या दाव्यात.

रत्नागिरीहून तासाभरावर, खाडीकाठी राहणारं एक म्हातारं जोडपं आमचं पक्षकार. म्हातारे जन्मभर होडीवर राबले आणि शेवटी अर्धांगानं अंथरुणाला खिळले. त्यांच्या घरातून रस्त्याला यायला शेजाऱ्याच्या आवारातून सपाट पायवाट होती. शेळ्या कुणाच्या कुठे शिरल्या यावरून दोन घरांत वाजलं, आणि शेजाऱ्यानं रागाच्या भरात दगडी चिरे भिंतीसारखे रचून वाटेवर आडवा गडगा घातला. उरली ती मागची पाखाडी, म्हणजे उंचच उंच, शेवाळलेल्या पायऱ्या. म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीला बांधून चार माणसांनी ती चढायची. दावा त्यांच्या नावानं होता, पण ऑफिसात यायच्या त्या काकी, त्यांची बायको. त्यांचं मागणं एकच.

"बाय, ह्यांना शेवटचं तरी नीट वाटेन न्यायला गावूदे."

एवढ्यासाठी खरं तर एकदा गावात जाऊन दोन्ही घरांना समोरासमोर बसवणं पुरेसं होतं. पण आमचे सर आणि समोरचे वकील बार रूममध्ये एकाच टेबलावर चहा पितात. एकानं मुदत मागितली की दुसऱ्यानं हरकत घ्यायची नाही, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शेजारधर्म. स्वतःपुरता तो त्यांनी छान सांभाळला. त्यांचे पक्षकार कोर्टाच्या आवारात दोन झाडांखाली दोन दिशांना तोंडं करून बसलेले असायचे.

एका तारखेला मी पाहिलं तर दोघं एकाच झाडाखाली होते. काकींनी डबा सोडला होता आणि डब्यातली भाकरी आणि सुक्या बांगड्याचा तुकडा शेजाऱ्यापुढे केला होता. तो मान खाली घालून खात होता. मी धावतच सरांकडे गेले. म्हटलं, हे बोलायला लागलेत, तडजोड होईल.

"समोरच्या पार्टीशी बोलू नका म्हणून सांग त्यांना," सर म्हणाले. "केस बिघडते."

पाऊस सरता सरता म्हातारे गेले. मयताला ऑफिसातून मी एकटीच गेले. ज्या वाटेवर आम्ही पानंच्या पानं लिहिली होती, ती तोवर आमच्यापैकी कुणीही डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. मी पोचले तेव्हा शेजारी पहार घेऊन स्वतःचाच गडगा पाडत होता. आमच्याकडे कितीही हाडवैर असो, मयताची वाट कुणी अडवत नाही. त्यानं चिरे कडेला रचले, जमीन सारखी केली आणि तिरडीला खांदा दिला. म्हातारे सपाट वाटेनं गेले. काकी दारात उभ्या राहून रडत होत्या, पण वाटेकडे बघत होत्या.

स्मशानातून परतल्यावर शेजारी माझ्याजवळ आला.

"वकिलीणबाय, परत नाय घालायचा मी गडगा. कागद काय तो करून टाका."

दुसऱ्या दिवशी मी तडजोडीचा मसुदा लिहून सरांपुढे ठेवला. त्यांनी वरची ओळ वाचली.

"वारले का? मग आधी वारसांची नावं लावून घ्यावी लागतील. दोनतीन तारखा त्यातच जातील." बाजारात ताजी सुरमई दिसावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. "आणि त्या बाईंना फोन करून सांग, निकालापर्यंत त्या वाटेवर पाय ठेवू नका. वापर सुरू झाला की आपली अडवणुकीची केसच उरत नाही."

"मग संपली ना, सर."

"संपली म्हणजे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरोखरच कळलेलं नव्हतं.

मी फोन केला नाही, तो कारकुनानं केला. तिकडे समोरच्या वकिलांनीही आपल्या पक्षकाराला दम भरला की निकालाआधी वाट दिलीस तर जमीन गेली म्हणून समज. आणि म्हाताऱ्यांच्या मोबाईलवर मेसेज गेला, 'प्रिय ग्राहक, आपली पुढील तारीख.' व्हॅल्यू ती हीच असावी.

परवा मी ते ऑफिस सोडलं आणि आधी त्या गावात गेले. गडग्याचं खिंडार तसंच उघडं होतं. चिरे रचलेले होते, वाटेवर गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. शेजारी पडवीत बसला होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. काकी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मागची पाखाडी उतरत होत्या, एक हात भिंतीला, एकेका पायरीवर थांबत.

"काकी, वाट उघडी आहे. इथून या ना."

"नाय गो. मोठ्या वकिलांनी पाय ठेवू नको म्हणून सांगितल्यानी."

"मीही वकीलच आहे. मी सांगते, चला."

त्या हसल्या. "तू पोर हायस अजून." पाटी उतरवून त्यांनी गुडघे दाबले आणि त्या गवताकडे बघत राहिल्या.

"ह्यांना तिथून नेलानी, मला पण तिथूनच नेतील. तेवा काय वकिलांना विचारायला लागत नाय ना गो?"