चिकूचा वरचा दात

बाळांना दात येतात, यात विशेष काही नाही. पण आमच्या चिकूला साडेतीन महिन्यांचा असताना दात आला, आणि त्यापायी मी एका भल्या माणसाचं जमत आलेलं लग्न मोडायच्या बेतात होते.

रविवारची सकाळ. चिकू म्हणजे माझा नातू. त्याला मी पायांवर घेऊन तेल लावत होते. त्यानं नेहमीसारखा भोंगा पसरला, तर काय! वरच्या हिरडीवर पांढरा ठिपका. तांदळाच्या कणीएवढा. खाली नाही हो, वर!

आता आमच्याकडे वरचा दात आधी आला की तो मामाला जड जातो असं मानतात. त्यावर आमच्या घरात ठरलेला उतारा आहे. मामानं आपल्या घरची चांदीची वाटी आणायची आणि बाळाच्या हिरडीला तीनदा टेकवायची. तोवर मामानं कुठल्याही शुभकार्याला जायचं नाही.

"सायली! तुझ्या भावाला फोन लाव!" मी ओरडले.

सून धावत आली. "आई, तो आज मुलगी बघायला चाललाय. अकरा वाजता, प्रभादेवीला."

"म्हणूनच लाव!"

हा नीलेश चौतीस वर्षांचा, नोकरीला चांगला, पण मुलीसमोर बसवला की वाचाच बसते. चार ठिकाणी नकार झालेला. ही पाचवी, मानसी. फोनवर दोघं पंधरा दिवस बोलत होती आणि ती त्याला मनापासून आवडली होती. अशा वेळी त्याला संकट डोक्यावर घेऊन पाठवायचं? मी काय वैरीण आहे?

"मावशी, मी तयार होऊन बसलोय," नीलेश फोनवर रडकुंडीला आला. "संध्याकाळी येतो ना!"

"संध्याकाळी येऊन काय उपयोग? दादरहून परळला यायला वेळ तो कितीसा? वाटी विसरू नकोस!"

आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगो, जावंदे त्याका. थंय लोक वाट बघतत." (यांना कशाचंच गांभीर्य नाही.)

नीलेश आला. नवा आकाशी शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले, हातात देव्हाऱ्यातली नैवेद्याची वाटी. मी ती घासून उकळून दिली. एकदा टेकवली. दुसऱ्यांदा टेकवली. तिसऱ्यांदा टेकवणार, तोच चिकूनं पोटातलं सगळं दूध मामाच्या छातीवर ओतलं!

तिसऱ्यांदा तशीच टेकवली, तोवर पावणेअकरा! शेवटी यांचा शर्ट काढला, तपकिरी चौकडीचा. आमचे हे अंगानं भरलेले आणि नीलेश म्हणजे शेवग्याची शेंग. त्यानं शर्ट घातलाय असं वाटेना, त्याच्यावर शर्ट वाळत घातलाय असं दिसत होतं.

"मीही येते," मी म्हटलं. "उशीर का झाला ते नीट समजावून सांगते."

"नको!" सायली आणि नीलेश एकदम म्हणाले. पण मी टॅक्सीत पहिली जाऊन बसले होते.

चिकूचं आवरून त्याला घेऊन सायली खाली येईपर्यंतच साडेअकरा झाले. पोचलो तेव्हा पावणेबारा. मुलीचे वडील घड्याळाकडे बघत होते आणि पोहे गार झाले होते. मग मीच सुरुवात केली.

"उशिराचं वाईट वाटून घेऊ नका हं. आमच्या मुलाच्या जिवावर संकट होतं. आता उतरलं!"

मुलीच्या आईनं पोह्यांची बशी परत खाली ठेवली. "जिवावर? काही आजार आहे का त्यांना?"

"छे हो! दात आलाय!"

"ह्या वयात?"

"याला नाही हो, बाळाला!"

"यांना बाळ आहे?" वडील ताडकन उभे राहिले.

नीलेशनं सवयीप्रमाणे पाणी मागितलं. सायलीनं चिकूला पुढे केलं आणि "हे माझं बाळ, हा माझा भाऊ, या माझ्या सासूबाई" असं तीन-तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे वडील खाली बसले.

इतका वेळ दाराशी उभी असलेली मानसी पुढे आली. हात धुऊन तिनं चिकूला घेतलं, मोबाईलची बॅटरी लावली आणि त्याच्या तोंडात पाहिलं.

"आजी, हा दात नाहीये. काही बाळांच्या हिरडीवर असा पांढरा दाणा येतो. आपोआप जातो. दात यायला अजून अवकाश आहे."

"तुला गं काय कळतं त्यातलं?" मी फणकाऱ्यानं म्हटलं. "मी तीन पोरं वाढवलीत!"

सायलीनं मला असा चिमटा काढला! "आई, ती दातांची डॉक्टर आहे."

(बायोडेटा मला दाखवला होता. मी फक्त फोटो बघितला.)

तेवढ्यात जन्मात मुलीसमोर न बोललेला नीलेश, स्वतःच्या लोंबत्या बाह्यांकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी हा शर्ट उगाचच घातला?"

मानसी हसायला लागली ती थांबेचना. मग तिचे वडील, मग आई, मग आम्ही सगळेच. दोघं गॅलरीत बोलायला गेली ती तासभर आत आली नाहीत. आल्यावर नीलेशचं तोंडच सांगत होतं काय ठरलं ते. आणि मी तिला घट्ट मिठी मारली.

तिथेच चुकलं. इतक्या जवळून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, तुमचे वरचे दोन दात हलतायत. उद्या या बरं माझ्याकडे."

दोन्ही काढले! वर बजावलं की दोन दिवस फार बोलायचं नाही. आमचे हे अजून चौकशी करत असतात, आणखी एखादा हलतोय का म्हणून.