कंडक्टरकाकांची शून्यं

मनोरुग्णांच्या वॉर्डात कोण कधी भडकेल याचा अंदाज बांधणं हे थोरल्या सिस्टरांचं काम. सहकारी त्यांना 'हवामान खातं' म्हणतात. फरक इतकाच, की सिस्टरांचा अंदाज बरेचदा खरा ठरतो. रोज सकाळी त्या प्रत्येक रुग्णाला मार्क देतात. चिडचिड केली, एक. धमकी दिली, एक. आरडाओरडा, आदळआपट, आणखी. शाळेच्या उलट, इथे शून्यवाला पहिला.

ही पद्धत त्यांनी नव्या नर्सेसना खड्या आवाजात समजावली, तीही कंडक्टरकाकांच्या खाटेशी उभं राहून. काका निवृत्त बस कंडक्टर. आजाराच्या भरात घरचा टीव्ही फोडून इथे आलेले. मार्क दोनच्या वर गेले नाहीत तर रविवारी मुलगी त्यांना घरी नेणार होती. काकांनी डोळे मिटून सगळा अभ्यासक्रम ऐकून घेतला.

त्या दिवसापासून काका म्हणजे लोणी. चहा गार आला, "छान आहे." शेजारच्या खाटेवरचा शिंपी त्यांची चादर ओढून झोपला, "झोपू दे बिचाऱ्याला." शून्यावर शून्य. डॉक्टर खूश. सिस्टरांना मात्र हे पटेना. जन्मभर प्रवाशांशी हुज्जत घातलेला माणूस असा एकाएकी निवळत नाही.

शनिवारी त्या काकांजवळ जाऊन बसल्या. काका हसत होते. हातांनी खाटेची कड आवळून धरली होती.

"काका, चादर कुणाची?"

"असू दे हो."

"कुणाची?"

"तोंड उघडलं की मार्क. मला घरी जायचंय. एकदा सुटलो, की परत येऊन याला बघतो."

आपणच पेपर फोडला, हे सिस्टरांच्या लक्षात आलं.

"बोलल्यानं कुणी अडकत नाही. गिळून बसलात, तर मीच सोडणार नाही. बोला. हात जागेवर ठेवून."

काका बोलले. चादर, चहा, पंखा, शिंप्याचं घोरणं, जावयाचा स्वभाव. कुणालाही वगळलं नाही. शिंपी उठून बसला. "आधी सांगायचं ना. मला वाटलं, तुम्हाला उकडतंय," म्हणाला आणि चादर देऊन टाकली. काकांचे हात सैल पडले.

राउंडला डॉक्टर म्हणाले, "शून्यावरून दोन? बिघडले की काय?"

"नाही, इतके दिवस ते परीक्षा देत होते. आज स्वतःसारखे वागले."

डॉक्टर काकांशी बराच वेळ बोलले. शिंप्याला बघण्याचा बेत रद्द झालाय, याचीही खात्री करून घेतली आणि मगच सही केली.

रविवारी मुलगी आली. "बाबा, आवरलं?"

"कधीचंच. उशीर तुलाच झालाय," काका करवादले.

"हे आमचेच," मुलगी सिस्टरांना म्हणाली आणि पिशवी उचलली.