पुरावा म्हणून ठेवलेला कागद

आमच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेत मी चिटणीस होतो. सभासदांचं दप्तर संगणकावर न्यायचं ठरलं. डेटाबेस बांधण्याआधी त्याचा आराखडा काढावा लागतो. त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, हे पाहायचं काम आमच्या ऑपरेटर मुलीकडे आणि माझ्याकडे आलं. ती म्हसळ्याहून एसटीने यायची. मला छापायच्या बटणापलीकडे काही कळत नव्हतं, तेही तिनेच शिकवलेलं. म्हणून मी तिच्यावर लक्ष ठेवायचं काम घेतलं.

दोन सॉफ्टवेअर होती. विकतच्याचा माणूस पनवेलहून गाडीने यायचा, मला 'साहेब' म्हणायचा. दुसरं फुकट होतं. तिने दोन्हींना एकच परीक्षा लावली. आमच्याकडे जमीन एका भावाची आणि तिच्यातल्या पोफळी दुसऱ्याच्या, असं सर्रास असतं. हे कुठल्या आराखड्यात बसतं?

"दोन्हींत बसतं, काका. मग फुकटचंच घेऊ ना."

अध्यक्ष हसले. "फुकट तर समुद्राचं पाणी मिळतं पोरी, आन् ते खारं असतं."

माझ्या मनात मात्र किडा शिरला. फुकट देणाऱ्याला आमच्याकडून काय हवंय? हिला त्यात काय मिळणार? विकतच्या माणसाबद्दल हा प्रश्न मला पडला नाही.

एका दुपारी ती डबा खायला गेली. तिची मेल उघडीच होती. आराखडा कुणा बाहेरच्या माणसाला गेला होता. मी तो छापला, घडी घालून खिशात ठेवला. पोफळी कुणाच्या, यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ कोर्टात उभे आहेत. सभेत मी कागद वर धरला आणि सभासदांची माहिती बाहेर गेल्याचं सांगितलं.

"काका, ते माझ्या कॉलेजच्या सरांना पाठवलंय, रेघा बरोबर जोडल्यात का विचारायला. माहिती नाहीच त्यात. उघडून बघा तरी."

"बघायचं काय त्यात?" अध्यक्ष म्हणाले. "बाहेर गेलं का न्हाय?"

"गेलं," मी म्हणालो.

त्याच महिन्यात तिला काढलं. विकतचं सॉफ्टवेअर आलं. सभेचं इतिवृत्त मीच लिहिलं.

तिचं म्हणणं खरं होतं हे मला फार उशिरा कळलं, असं आजवर सांगत आलो. ते खोटं आहे. सभेनंतर आठ दिवसांतच मी तो कागद उघडला होता. पाच चौकोन: सभासद, जमीन, झाड, हक्क, वारस. मध्ये रेघा. एकाही माणसाचं नाव नाही. कपाटात कुठला खण कुठे असावा, एवढंच. आत काही ठेवलेलं नव्हतं. मी पुन्हा घडी घातली आणि गप्प बसलो.

गेल्या महिन्यात माफीचं पत्र घेऊन म्हसळ्याला गेलो. ती आता शाळेत शिकवते. तिने चहा दिला, पत्र उघडलं नाही.

"हे घरी ठेवून काय करू, काका? दुसऱ्या नोकरीच्या वेळी संस्थेत चौकशी झाली, तेव्हा त्यांना तुमच्या इतिवृत्ताची प्रत मिळाली. ती नोकरी गेलीच. लिहायचं तर त्या वहीत लिहा."

अध्यक्ष अजून तेच आहेत. "जुनी मढी कशाला उकरताय?" म्हणाले.

"माझ्या अक्षरातलं आहे ते."

वार्षिक सभेत इतिवृत्ताच्या दुरुस्तीचा विषय त्यांनी शेवटचा ठेवलाय. वेळ संपल्याचं सांगून तो गाळतील, असा मला संशय आहे. म्हणून हे लिहून, त्या कागदाची प्रत जोडून, सभेआधीच प्रत्येक सभासदाच्या घरी देतो आहे. या वेळी कागद उघडाच आहे.