पाठमोरी मुलं

शाळेतल्या समुपदेशक बाईंची खोली म्हणजे जिन्याखालची, पूर्वी नकाशे ठेवायची जागा. समोरासमोर दोन खुर्च्या. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा त्यातल्या एकीवर बसला, की स्वतःच्या बुटांकडे असा बघायचा, जणू ते आत्ताच कुणीतरी त्याच्या पायात घातलेत.

"काय झालं रे?"

"काही नाही."

दोन वर्षं बाईंनी हे 'काही नाही' ऐकलं. आपले स्वतःचे दोन चिरंजीवही त्या वयात फक्त स्कूटर धुताना तोंड उघडायचे, हे त्यांना जरा उशिराच आठवलं.

मग दर गुरुवारी शेवटच्या दोन तासांना त्या आठ मुलांना शाळेमागच्या ओढ्यावर नेऊ लागल्या. काम एकच, वाहून गेलेला काठ दगड रचून बांधायचा. नियमही एकच, बोलणाऱ्याकडे कुणी बघायचं नाही. पहिल्या दिवशी सगळी चर्चा एका खेकड्यावर झाली. चौथ्या गुरुवारी मात्र, ज्याला अख्खा वर्ग 'बुलडोझर' म्हणायचा तो हातातल्या दगडाला म्हणाला, "मला बाबांची भीती वाटते."

"माझ्या बाबांना आईची वाटते," पलीकडून एक पाठ म्हणाली. सगळे हसले. बुलडोझरही हसला, आणि मग बराच वेळ बोलला.

पंचाईत अशी, की हे बाबा शाळेच्या संचालक मंडळावर होते. चिखलाने माखलेल्या पँटवरून त्यांना ओढ्याचा पत्ता लागला. सोमवारी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं.

"मुलगा तिथे घराबद्दल काय बोलतो, ते त्यांना लेखी हवंय."

"कुणाच्या जिवाला धोका असेल, तर लेखी कशाला, मीच धावत येऊन सांगेन. बाकीचं मिळणार नाही."

"बाई, अहवाल नाही तर गट बंद."

बुधवारी अहवाल टेबलावर आला. 'मुलं आठ. दगड त्रेपन्न. खेकडा एक, चावरा. बोलणं भरपूर.' मुख्याध्यापकांना हसू फुटलं. ते गिळून त्यांनी खाली लिहिलं, 'शाळेच्या वेळेत ओढ्यावर जाण्यास मनाई.'

बाईंनी उभ्या-उभ्याच त्याखाली लिहिलं, 'मान्य. शाळा सुटल्यावर ओढा कुणाच्या अखत्यारीत येतो, ते कळवावे.'

"नोकरी जाईल हो तुमची."

"जाऊ दे. जिन्याखाली बुटांकडे बघत बसायला दुसरं कुणीही मिळेल तुम्हाला."

तोंडाने हे बोलल्या खऱ्या, पण गुरुवारी शाळा सुटल्यावर ओढ्यावर एकट्याच दगड उचलताना त्या सारख्या वाटेकडे बघत होत्या. तास बुडतो म्हणून येणारी पोरं, तास नसताना कशाला येतील?

सहा आली. बुलडोझर सगळ्यांत शेवटी, बाह्या सरसावत.

"तुला घरून परवानगी नाही ना?" बाईंनी पाण्याकडे बघत विचारलं. "चोरून आला असशील तर परत जा."

"चोरून नाही. इथे येतोय, आणि बोलणार आहे, असं बाबांना तोंडावर सांगून आलोय." तो एका दगडापाशी वाकला. "आता तो मोठा दगड धरा रे कुणीतरी. एकट्याने हलत नाही तो."