भिंगकाकांची गिटार

बेअरिंगच्या कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालात खोट काढून निवृत्त झालेल्या गृहस्थांना सगळे भिंगकाका म्हणत. काकू म्हणायच्या, "नशीब माझं, मला बघायला आले तेव्हा यांच्या हातात भिंग नव्हतं."

साठी उलटल्यावर काकांना गिटार शिकायची हुक्की आली. वायर जोडली की स्पीकरमधूनही वाजणारी कोरी करकरीत गिटार त्यांनी घरी आणली आणि वाजवायच्या आधी तपासायला घेतली. गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटांना टोचत होती, पोटात गोंदाचा ओघळ वाळला होता आणि वायरीचं सॉकेट किडक्या दाढेसारखं हलत होतं.

काका तडक दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "बदलून देतो की. या सहांतली हवी ती घ्या." काकांनी दुपारभर सहाही तपासल्या आणि सगळ्या नापास केल्या. दुकानदाराने हात टेकले. शेवटी काका आपलीच गिटार उचलून घरी आले.

"मग गेलात कशाला?" काकूंनी विचारलं.

"हिच्या खोडी निदान ओळखीच्या आहेत."

त्यांनी सॉकेटचा नट आवळला, टोचणारी टोकं कानशीने घासली आणि वायर जोडून तार छेडली. स्पीकर असा केकाटला, की काकू हातातलं काम टाकून धावत आल्या.

"आता हिला काय झालं?"

"हिला काही नाही," काका ओशाळून म्हणाले, "हे माझं वाजवणं आहे."

हल्ली काका रोज संध्याकाळी तासभर रियाझ करतात. शेजारी खिडक्या लावून घेतात. काकांना वाटतं, यंदा थंडी लवकर पडली.