धुतलेला डबा

स्वच्छतेचं मला वेड आहे. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका माझी फरशी बघून चपला जिन्यातच काढतात, आणि मला ते आवडतं. लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला नवऱ्याने कल्याणहून इग्वानाचं पिल्लू आणलं, तेव्हापासून त्याची काचेची पेटी मी दिवसातून दोनदा फिनेलने पुसायचे. हिरवागार, वीतभर सरडा. दिवसभर शेवग्याचा पाला खायचा, तरी वाळत चाललेला. खाल्लेला पाला तसाच्या तसा बाहेर पडायचा. लेक रोज विचारायची, "आई, जगेल ना गं?"

खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे मोठा इग्वाना होता. लेक तिथेच पडीक असायची. एका संध्याकाळी बाई स्टीलचा डबा घेऊन आल्या.

"ताई, यात आमच्या मोठ्याची शी आहे. पाल्यावर थोडी कुस्करून टाका. ही पिल्लं मोठ्यांची शी खातात. त्यातले जंतू पोटात गेले तरच पाला पचतो. आमचा पण असाच जगलेला."

बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून येणारी खीर मी चाटूनपुसून खायचे, आणि खाते हे चारचौघांत सांगायचेही. पण त्यांच्या घरची शी माझ्या घरात? मी गोड हसले, दार लावलं आणि डबा संडासात रिकामा केला. तीनदा घासला. डबा रिकामा परत देऊ नये, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यात रव्याचे लाडू घातले.

"खाल्ली हो त्याने," मी बाईंना सांगितलं. लेकीलाही तेच. दोघींचे चेहरे फुलले.

पंधरा दिवसांनी पिल्लू मेलं. पोट पाल्याने टम्म, आणि उपाशी. लेक हुंदके देत होती. "मावशींनी दिलेलं खाल्लं होतं ना? मग कसं मेलं?"

खरं सांगता आलं असतं.

"त्यानेच मेलं," मी म्हणाले. "घाण खाऊन कोण जगतं?"

ती तशीच खाली धावली. "तुमची घाण खाऊन मेलं ते!" तिचा आवाज जिनाभर घुमला. मला लाज वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळाने बाई वर आल्या. चपला जिन्यात काढून दाराबाहेरच उभ्या राहिल्या. डोळे भरलेले.

"माझंच चुकलं, ताई. माफ करा."

"असू दे," मी म्हणाले, आणि मोठ्या मनाने त्यांना माफ केलं.